सुसाटची भिंत आणि आमचा अबोला

आमच्या घरात तीन महिने अबोला होता आणि त्याला कारण एक जाहिरात होती. नवरा-बायकोचं कशावरूनही वाजतं, त्यात नवल नाही. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून माहेरी गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पण जाहिरातीवरून भांडण झालेलं इचलकरंजीतलं आमचं पहिलंच घर असावं.

मी विजयमाला दिवटे. सोळाव्या वर्षापासून मी वहिफणीचं काम केलं. मागावर कापड विणायला घेण्याआधी ताण्याचा एकेक धागा हुकानं ओढून वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या घरातून काढावा लागतो, तेच हे काम. दिवसाला तीन हजार धागे माझ्या बोटांखालून जायचे. पुढं त्यासाठी यंत्रं आली आणि माझी बोटं रिकामी झाली. बोटांना सवय असल्यामुळं मी घरात बसल्या बसल्या नवऱ्याच्या बनियनचे धागे ओढायचे. मग सुसाटची भिंत आली आणि माझं बरं झालं. त्यांच्या बनियनचंही बरं झालं.

सुसाट हे डब्यातून मिळणारं पेय. चव म्हणाल तर आल्याच्या काढ्यात कुणीतरी साखरेचं पोतं सांडल्यासारखी. पण हे पेय माझ्यासाठी नव्हतंच. स्केटबोर्डवरून फिरणारी, बीएमएक्स सायकलवरून हवेत गिरक्या घेणारी, कठड्यावरून कठड्यावर उड्या मारणारी जी पोरं असतात ना, त्यांच्यासाठी होतं. ही पोरं टीव्ही बघत नाहीत आणि मोबाइलवरची जाहिरात अंगठ्यानं उडवून लावतात. तेव्हा पुण्याच्या त्या कंपनीनं डोकं लढवलं की जाहिरात अशी करायची, जी पोरांनी बघायची नाही, तिच्यावर चढायचं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक बंद पडलेला कारखाना आहे. त्याची तीन मजली मागची भिंत आणि पुढचं मोकळं आवार कंपनीनं घेतलं. भिंतीवरून खाली उतरून आवारभर पसरेल असं एक प्रचंड कापड त्यांनी इथंच विणून घेतलं.

त्या कापडातला ताण्याचा धागा जादूचा वाटतो, पण त्याचा गुण साधा आहे. वीज सोडली की तो आखडतो, वीज काढली की सैल पडतो. आपल्या दंडाचा स्नायू हेच करतो. कापडाचे दोन थर आहेत आणि मध्ये हवेचे हजारो छोटे कप्पे. कुठले धागे आखडायचे हे संगणक ठरवतो. तिथले कप्पे आवळले जातात आणि कापड फुगून कडक होतं. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरली की ती माणसाचं वजन पेलते, तसंच. त्यामुळं आत्ता सपाट पडलेलं कापड दोन श्वासांत उठून पोरांसाठी चढ तयार करतं. आडव्या विणीत, म्हणजे बाण्यात, उजेडाचे धागे आहेत. चित्रं त्यांच्यावर उमटतात.

आणि खांबावर एक डोळा आहे, मुठीएवढा. समोर आलेल्याचा वेग किती, गुडघे कसे वाकतात, तोल कुठं जातो, हे तो टिपतो आणि त्या माणसाला पेलेल एवढाच चढ देतो. काल जेवढं जमलं त्यापेक्षा एक वीत जास्त. पोरं या भिंतीवर भराभरा शिकली, ती या एका वितीच्या जोरावर. ज्याची उडी सगळ्यात उंच, त्याचं तीस फुटी चित्र भिंतीवर उजळतं आणि कुणी ती मोडेपर्यंत राहतं. कायद्यानं नाव लिहिता येत नाही, म्हणून खाली फक्त वय आणि उंची.

चाकांनी तुटलेले धागे रोज सकाळी सांधायचे आणि तो डोळा पुसायचा, हे माझं काम.

आता भांडणाकडं येते. हा डोळा चेहऱ्यावरून वयही ओळखतो. चौदा ते चोवीस असाल, तर भिंत उठते. त्याच्या पुढं असाल, तर ढिम्म पडून राहते. जो डबा विकत घेणार नाही त्याच्यासाठी वीज कशाला जाळा, हा कंपनीचा हिशोब. मी तिच्यावरून रोज शंभरदा जायचे, तिनं कधी ढुंकून पाहिलं नाही. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. माझ्या नवऱ्याला वाटलं.

माझे मिस्टर मल्हारी दिवटे. तरुणपणी पंचक्रोशीत त्यांना सायकल मल्हारी म्हणायचे. गावच्या चौकात गोल रिंगण आखून ते सात-सात दिवस सायकलवरून खाली उतरायचे नाहीत. जेवण सायकलवर, अंघोळ सायकलवर, दाढीसुद्धा सायकलवर. सीटवर उभं राहणं, हँडलवर उलटं बसणं, चालत्या सायकलवरून जमिनीवरची सुई पापणीनं उचलणं, सगळं यायचं. हे मैदानी धाडस आहे असं तेव्हा कुणी म्हणायचं नाही. लोक म्हणायचे, पोटासाठी करतोय बिचारा. पोटासाठी तर ते माग चालवायचे. सायकल ते हौसेनं चालवायचे.

भिंत आली आणि ते रोज कठड्यावर बसून पोरांना बघू लागले. आमच्या गल्लीतली झोया मुल्लाणी, सतरा वर्षांची, बीएमएक्सवर सगळ्यांत तयार. हे तिला सांगायचे, "मान आधी वळव, सायकल मागनं येतीया." आणि ते खरं निघायचं. एक दिवस आपली काळी बावीस इंची सायकल घेऊन ते स्वतःच पुढं झाले. भिंतीनं त्यांचा चेहरा पाहिला आणि पडून राहिली. पोरं हसली नाहीत, हे त्यांचं मोठेपण. पण मी बोलले.

"अहो, झोयाचं हेल्मेट घाला, वर गॉगल लावा. तोंड दिसलं न्हाई की भिंत उठतीया. कुणाला कळतंय तुमचं वय?"

हे खरं होतं. चेहरा दिसला नाही, तर संगणक सरसकट एकोणीस वय धरायचा. हेल्मेटवाली पोरं हातची जाऊ नयेत म्हणून कंपनीनं केलेली ती सोय होती. मी चांगल्या मनानं सुचवलं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी त्यांना चोरी करायला सांगितलं.

"तोंड लपवून चढू व्हय मी?" एवढंच म्हणाले. सायकल खुंटीला टांगली आणि बोलणं बंद. चहा हवा असेल तर कप वाजवायचे. मीही काही कमी नाही, मी कप विसळून पालथा घालायचे.

अशात खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं माग बंद असतो. यंत्र पुसायचं, झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि दिवसभर त्याला विश्रांती द्यायची. ज्याच्यावर पोट चालतं, त्याला वर्षातनं एक दिवस हात जोडायचे. माझं पोट भिंतीवर चालत होतं. मी भिंतीचा खटका बंद केला, ताट घेऊन गेले आणि अडले. मागाला कुंकू लावायचं ते बाण्याचा धागा घेऊन पळणाऱ्या धोट्याला, हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. भिंतीला कुठं लावायचं? तिला तोंड नाही. डोळा आहे, पण त्याला कपाळ नाही. शेवटी शिडीवर चढले आणि डोळ्यालाच लावलं, चांगलं तेलात कालवून, पाच बोटं. वर दोन अक्षताही दाबल्या. छान दिसत होता.

दसऱ्याला सकाळी खटका चालू केला आणि झाडू घेऊन कापडावरून निघाले, तर पायाखालचं कापड हललं. मी थांबले, तेही थांबलं. मी पुढं झाले, तर माझ्यासमोर गुडघ्याएवढा उंचवटा उठला. नवशिक्या पोरांना देते ना, तस्सा. भिंतीवर अक्षरं आली, "ये, सुसाट हो!" सत्तावन्न वर्षांच्या बाईला झाडूसकट कुणी असं बोलावलं नव्हतं. मी इकडंतिकडं पाहिलं, पदर खोचला आणि त्या उंचवट्यावरून उडी मारली. खोटं कशाला सांगू, दोनदा मारली.

तासाभरात गल्लीला बातमी लागली. कोथिंबीरवाल्या अक्काताईंचा हातगाडा भिंतीनं वर उचलून हळूच पलीकडं उतरवला. एक जुडीही सांडली नाही. निवृत्त पाटील गुरुजी नातवाची पायानं ढकलायची स्कूटर घेऊन आले. कारण काय ते मला खांबाकडं पाहताच कळलं होतं. कुंकवातून डोळ्याला माणसाचा आकार दिसत होता, गुडघे अंदाजानं कळत होते, पण चेहऱ्यावरच्या सुरकुत्या काही दिसत नव्हत्या. त्याच्या लेखी सगळं गाव एकोणीस वर्षांचं झालं होतं. डोळा पुसणं माझं काम होतं, हेही ठाऊक होतं. पण दसऱ्याच्या दिवशी, सवाष्ण बाईनं, आपण लावलेलं कुंकू पुसायचं? माझा हात धजला नसता. आणि खरं सांगते, मला पुसायचंही नव्हतं, कारण मला त्या गर्दीत एकच माणूस दिसत नव्हता.

"झोया, जा की. आबास्नी आण. मी बोलावलंय म्हणू नकोस."

झोया सायकलवरून सुटली. घराच्या दारातून तिनं दिलेली हाळी मला आवारात ऐकू आली. "आबा, चला! भिंत येडी झालीया! सगळ्यांसाठी उठालीया!"

ते आले. दसऱ्याचा पांढरा शर्ट, हातात काळी सायकल. माझ्याकडं पाहिलं नाही. सायकलवर बसले, आवारात एक संथ गोल फेरी घेतली, दुसऱ्या फेरीला हात सोडले, तिसऱ्या फेरीला सीटवर उभे राहिले. पोरं कडेला सरकली. भिंतीनं त्यांचा तोल टिपला आणि उठायला लागली. चार फूट. सहा फूट. झोयाला नऊ मिळायचे. नऊही झाले आणि कापड अजून वर चढतच होतं.

माझं बोट खटक्यावर होतं. मी तो दाबला असता तर कापड खाली बसलं असतं, आणि हे घरी जाऊन पुन्हा कप वाजवत बसले असते. नसता दाबला तर बासष्ट वर्षांची हाडं अकरा फुटांवर जाणार होती. कुंकवाच्या डोळ्याला ती हाडं नीट दिसत नव्हती, मला दिसत होती. ते सीटवर परत बसले आणि पायडल मारू लागले. मला राहवलं नाही.

"अहो!" मी ओरडले. तीन महिन्यांतला पहिला शब्द.

"गप गं, लक्ष जातंय!" हा त्यांचा पहिला.

मी खटक्यावरचं बोट काढलं. आवाज ओळखीचा होता. लग्नाच्या आधी, एका गावच्या चौकात, रिंगणाच्या दोरीला टेकून मी तो ऐकला होता, आणि घरी जाऊन आईला सांगितलं होतं की करीन तर याच्याशीच. ते चढावरून वर गेले. पार टोकाला सायकल क्षणभर थांबली. त्यांनी दोन्ही हात पसरले, मान आधी वळवली, सायकल मागून वळली आणि ते खाली आले. मला रडू आलं आणि मी टाळ्याही वाजवत होते.

आवारात नुसता कल्ला झाला. भिंतीवर त्यांचं चित्र उजळलं, तीस फुटांचं, हात पसरलेलं, चेहऱ्याच्या जागी नुसती कुंकवाची लाली. खाली लिहिलं होतं, "वय १९, उंची ११ फूट."

त्यांनी वर पाहिलं. हसू गेलं.

"एकोणीस कोण?" त्यांनी मला विचारलं.

मी कुंकवाचं सांगितलं. त्यांनी सायकल कठड्याला टेकवली. मग म्हणाले, "म्हंजे तिनं मला बघितलंच न्हाई. एकोणीसचा होतो तवा ह्येच करत होतो की. तवा कुणी फोटो काढला न्हाई. आता काढला, तर माझा न्हाई. तू हेल्मेट घाल म्हणालीस, त्यात आन् ह्यात काय फरक?"

त्या वेळी मला माझी चूक कळली. मी त्यांना गॉगल लावायला सांगितलं, तेव्हा मी असं सांगितलं होतं की तुमचं वय लपवण्यासारखं आहे. मला ते तसं कधीच वाटलं नव्हतं. पण जे तोंडातून गेलं, ते गेलं.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून ईश्वरी घाटगे आली. कंपनीची अधिकारी, सव्वीस वर्षांची, बोलायला गोड.

"काकू, दसऱ्याला एका दिवसात आठशे चाळीस तरुण आलेत तुमच्याकडे. साहेब खूश आहेत. पण इंजिनिअर म्हणतायत, आठशे चाळीसच्या आठशे चाळीस बरोबर एकोणीस वर्षांचे कसे?"

तेवढ्यात तिच्यासमोरून कोथिंबिरीचा गाडा हवेतून गेला. तिनं खांबाकडं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"डोळा पुसा, काकू."

"पुसू की. पण आधी त्या चित्राखाली बासष्ट लिवा."

तिनं लॅपटॉपवर खटपट केली आणि मान हलवली. "नाही होत. चोवीसच्या पुढचं वय भिंतीच्या यादीतच नाही. ती ते लिहूच शकत नाही."

"तिला येत न्हाई नव्हं? मला येतंय."

मी हूक घेतला आणि शिडी लावली. वयाच्या आकड्याच्या जागी उजेडाचे जे धागे आहेत, ते मी एकेक करून संगणकापासून सोडवले आणि त्यातले बासष्टच्या आकारात बसणारे कायम जळणाऱ्या किनारीच्या धाग्याला बांधले. संगणकाला वाटेल ते वाटो, ते धागे आता पेटलेलेच राहणार होते. अडतीस धागे, अडतीस गाठी. खाली शिडी कुणीतरी घट्ट धरली. बघितलं तर हे.

"सहाचं पोट नीट काढ," ते म्हणाले.

"चाळीस वर्षं धागे ओढलेत मी. मला शिकवू नका."

"दोन वाकडा व्हायलाय."

"शिडी धरा गप."

लग्नानंतर आमचं एवढं लांबलचक बोलणं झालं नव्हतं. बोलता बोलता मी वरूनच म्हणाले, "चुकलं माझं त्या दिवशी." ते म्हणाले, "व्हय, चुकलं." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पण उडीच्या आधी तू केवढ्यानं वरडलीस गं." त्यात तक्रार नव्हती. दुपारपर्यंत भिंतीवर ६२ झळकलं.

डोळा पुसायला ईश्वरी रुमाल घेऊन खांबावर चढली आणि थांबली. "काकू, कुंकू आहे हो. मी नाही पुसणार." पुण्याची असली तरी आईच्या हाताखाली वाढलेली पोर. मी पुसण्याचा प्रश्नच नव्हता. मग हेच चढले आणि गळ्यातल्या टॉवेलानं डोळा लख्ख केला. खाली येऊन भिंतीसमोर उभे राहिले. तिनं त्यांना नीट पाहिलं आणि सपाट पडली.

"पडू दे," ते म्हणाले. "आता निदान बघून तरी पडलीया."

एवढ्यावर सगळं संपलं असतं. पण संध्याकाळी झोयानं अकरा फूट तीन इंच मारले. ह्यांचं चित्र गेलं आणि तिचं आलं, वेणी हवेत, सायकल आडवी. खाली, "वय ६२." माझ्या गाठी तशाच होत्या ना! पोरं अशी हसली की पाखरं उडाली. झोया नाचत होती. "मी बासष्ट! आबा, मी बासष्ट!"

दुसऱ्या दिवसापासून पोरांना वेड लागलं. भिंतीवर बासष्ट व्हायचं. सांगलीहून पोरं आली, कोल्हापुरातून आली. आईबापांना फोटो जाऊ लागले. "बासष्टचा दम हाय का?" असं एकमेकांना विचारू लागली. आणि रांगेत उभं असताना काय करायचं, म्हणून ह्यांच्याभोवती गोळा होऊन सीटवर उभं राहायला शिकू लागली. पुण्यात ईश्वरीला साहेबांनी विचारलं, आपल्या जाहिरातीकडं पाठ करून ही पोरं त्या म्हाताऱ्याकडं का बघतायत? तिनं सांगितलं, साहेब, त्यांच्यामुळंच ती येतायत. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात कंपनीनं वयाची अट काढून टाकली. भिंतीच्या यादीत सगळी वयं घातली आणि दर वयाचा वेगळा उच्चांक ठेवला.

अट निघाली त्या सकाळी मी शिडीवर चढून माझ्या अडतीस गाठी सोडवल्या आणि सगळे धागे परत संगणकाला जोडले. हात जड झाला होता, पण भिंत आता खरं लिहिणार होती, मग माझी गाठ कशाला? हे सायकल घेऊन आले. हेल्मेट घातलं, कारण आता तो सगळ्यांना नियम होता, पण काच वर केलेली, तोंड उघडं. डोळ्यानं त्यांना पाहिलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला, त्यांचे गुडघे निरखले. भिंत उठली. आठ फुटांवर जरा अडखळली आणि नऊवर थांबली.

त्यांनी ते नऊ फूट असे मारले की काय सांगू. खाली आले, घाम पुसला आणि वर पाहिलं. भिंतीनं स्वतःच्या अकलेनं लिहिलं होतं, "वय ६२, उंची ९ फूट." त्या वयात ती सगळ्यात उंच उडी होती, म्हणून तिनं चित्रही दाखवलं.

"अकरापेक्षा ह्ये नऊ भारी हाय," ते मला म्हणाले, आणि चारचौघांत माझा हात धरला. उभ्या आयुष्यात त्यांनी असं केलं नव्हतं. मीही सोडवून घेतला नाही.

मागून झोया पाय आपटत आली. तिनं नुकतीच उडी मारली होती आणि भिंतीनं तिचं वय सतरा लिहिलं होतं.

"मावशी, गाठी का सोडल्यास गं? आमचं बासष्ट गेलं की! आता परत कसं मिळायचं?"

मी काही बोलायच्या आत ह्यांनी तिच्या सायकलची घंटी वाजवली.

"मिळतंय की," ते म्हणाले. "पंचेचाळीस वर्षं सायकल सोडू नकोस."